हिमालयातला जुना बर्फ खणून जपायचा, की आधी खालच्या वस्त्यांचं बघायचं?

सह्यकडा:
परवा एका व्याख्यानात ऐकलं की हिमनद्या वितळायच्या आत हिमालयातूनही आइस कोअर (हिमनदीत खोल छिद्र पाडून काढलेले बर्फाचे लांब दंड, ज्यांत वर्षावर्षांचे थर दिसतात) काढून अंटार्क्टिकात ठेवायला हवेत. युरोपातल्या 'आइस मेमरी'वाल्यांनी २०१६ मध्ये मों ब्लाँवर आणि २०१७ मध्ये बोलिव्हियातल्या इलिमानीवर असेच कोअर काढले. कल्पना सुंदर आहे, पण मला ती चैन वाटते. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिक्कीमचा दक्षिण ल्होनक हा हिमनदीच्या पाण्याचा तलाव फुटला आणि चुंगथांगचं धरण वाहून गेलं. अशा तलावांवर नजर ठेवायला पैसा कमी पडत असताना शेकडो वर्षांपूर्वीची धूळ मोजून खालच्या माणसाला काय मिळणार?

धूळपाटी:
धूळ मोजूनच कळतं की पाऊस कधी दगा देतो. १९९७ साली अमेरिकन हिमनदीतज्ज्ञ लॉनी थॉम्पसन यांच्या चमूने तिबेटातल्या शिशापंग्मा शिखरावरच्या दासुओपू हिमनदीत साधारण ७२०० मीटर उंचीवर कोअर काढले. १७९० च्या दशकातल्या थरांत धूळ आणि क्लोराइड एकदम चढलेलं सापडलं, कारण मान्सून फसून जमीन कोरडी पडली होती. सवाई माधवरावांच्या काळातला कवटीचा दुष्काळ तो हाच. आपली कुलाबा वेधशाळाच मुळी १८२६ ची, त्याआधीचं मोजमाप आणणार कुठून? मान्सून किती वाईट रुसू शकतो याचा अंदाज शंभर-दीडशे वर्षांच्या आकड्यांवर बांधायचा असेल तर बांधा बापडे.

सह्यकडा:
दासुओपू फार उंच आहे हो, तिथे उन्हाळ्यातही वितळणं नगण्य. बाकीच्यांचं काय? मानसरोवराजवळच्या गुर्ला मांधातावर त्याच चमूने २००६ मध्ये कोअर काढला. १९६० च्या आसपासच्या अणुचाचण्यांचा किरणोत्सर्ग जगभरच्या कोअरमध्ये सापडतो, त्यावरूनच वरच्या थरांचं वय ठरवतात. तिथे तो सापडलाच नाही. पन्नासेक वर्षांचा बर्फ वरूनच झिजून गेलेला! असल्या फाटक्या सातबाऱ्यावर कसली नोंद वाचणार?

धूळपाटी:
अहो, हे तर माझ्याच बाजूचं झालं. खालचे थर अजून शाबूत आहेत, ते आता काढा. स्वित्झर्लंडच्या ग्राँ कोंबँवर २०२० मध्ये गेलेल्यांना आत पाणी लागलं आणि ड्रिल अडकलं. उशीर केला की असं होतं.

वास्कोकर:
दोघेही हा पैसा एकाच खिशातला धरून भांडताय. आमच्या वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रात कोअरसाठी उणे २० अंशांची शीतखोली आहे, आणि त्याच संस्थेचं स्पितीतलं 'हिमांश' केंद्र २०१६ पासून आहे. तिथे हिमनदीत बांबूच्या काठ्या रोवून दरवर्षी किती बर्फ गेला ते मोजतात. काठ्यांचं काम कंटाळवाणं, त्याचे फोटो छापून येत नाहीत, पण पाण्याचा हिशेब त्यातूनच लागतो. शीतखोलीवर फार विसंबूही नका. २०१७ मध्ये कॅनडात अल्बर्टा विद्यापीठाचा फ्रीझर बिघडला आणि संग्रहातला बारा टक्क्यांहून जास्त बर्फ वितळला.

खट्याळ:
कोअर ठेवायची अंटार्क्टिकातली ती बर्फातली गुहा कॉनकॉर्डिया तळाजवळ आहे, म्हणजे फ्रेंच-इटालियनांच्या दारात. आपलाच बर्फ बघायला त्यांची परवानगी काढायची!

तिस्ताकाठ:
मी गंगटोकला चार वर्षं नोकरी केली आहे. डोंगर कुणाचा, हे इथे अजून कुणी विचारलेलंच नाही. २०१९ मध्ये पेरूच्या हुआस्कारानवर थॉम्पसन यांचाच चमू होता. हे लोक खाणीसाठी आलेत अशा संशयाने खालचे गावकरी भडकले आणि चमूला हेलिकॉप्टरने निघावं लागलं. कांचनजंगा सिक्कीममधल्या लोकांचं दैवत आहे, तिकडून चढाईलाच बंदी आहे. तिथे ड्रिल घेऊन जाल आणि वर 'मानवजातीचा ठेवा' म्हणाल, तर गावचं म्हातारं माणूस विचारणारच, मानवजातीत आम्ही येतो का?

धूळपाटी:
कांचनजंगा सोडा. पण प्रत्येक ठिकाणी गावसभा भरवत बसलात तर बर्फ थांबणार नाही.

तिस्ताकाठ:
थांबणार नाही हे खरं. पण न विचारता गेलात तर पुढच्या खेपेला तलावाची पातळी मोजायलासुद्धा कुणी वर येऊ देणार नाही.

सह्यकडा:
माझ्या अटी लिहून ठेवतो. पहिली रक्कम तलावांवरच्या सूचनायंत्रणेला, गावाची लेखी संमती, आणि प्रत्येक कोअरचा अर्धा भाग भारतात. एवढं झालं तर खुशाल खणा.

वास्कोकर:
अर्धा भाग भारतात म्हणजे चोवीस तास वीज आणि ती गेली तर जनरेटर, तेही शंभर-दोनशे वर्षं. त्या डिझेलचं बिल कोणत्या खात्याने भरायचं, तेही अटींत टाका.