मोटरहोम घेऊन बोर्टन-ऑन-द-वॉटरला दोन रात्री, जास्त होतील का?

टेम्सकाठची_लेक:
नमस्कार मंडळी, जूनमध्ये आई-बाबा येतायत. मागच्या वेळी आम्ही त्यांना एका दिवसात कॉट्सवोल्ड्स या इंग्लंडमधल्या टेकड्यांच्या भागातली पाच गावं फिरवली, बिबरी, बर्फर्ड, स्टो करत करत, आणि रात्री घरी आल्यावर आई म्हणाली, गावं छान होती गं पण मला कुठे टेकायलाच मिळालं नाही. ते अजून मनात सलतंय. म्हणून यावेळी चार बर्थची मोटरहोम, म्हणजे आत झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, भाड्याने घेऊन एकाच गावात निवांत राहायचं असं मी ठरवलंय, बोर्टन-ऑन-द-वॉटर. आमचे हे म्हणतात की ते गाव तासाभरात बघून होतं, दोन रात्री तिथे करणार काय? आणि गाडी गावातल्याच कार पार्कमध्ये लावून रात्री तिथेच झोपलं तर चालतं का? ह्यांनी इथलं लायसन्स काढून दहा वर्षं झाली पण एवढी मोठी गाडी पहिल्यांदाच चालवणार. आईचे गुडघे दुखतात हेही लक्षात घेऊन सांगा.

चाकावरचं_घर:
ताई, दोन रात्री अजिबात जास्त नाहीत, उलट त्या दोन रात्रींसाठीच तर मोटरहोम घ्यायची. बोर्टन सकाळी अकरा ते चार टूरिस्ट बसवाल्यांचं असतं, विंडरश नदीच्या काठावर पाय ठेवायला जागा नसते. पण सकाळी सातला जा. नदी म्हणजे घोट्याएवढं पाणी, तळाचा खडा न् खडा दिसतो, बदकं पुलाखालून निघतात तेव्हा पुलाची कमान इतकी ठेंगणी की पाण्याला टेकेल असं वाटतं. तिथल्या पुलांपैकी मिल ब्रिज १६५४ चा आहे. काठावर हिरवळ आहे, बाक आहेत, थर्मासमधला चहा घेऊन आईंना तिथे बसवा. संध्याकाळी सहानंतर पुन्हा तेच, आणि जूनमध्ये उजेड साडेनऊपर्यंत असतो. तेव्हा ऊन तिरपं झालं की घरांचा दगड मधासारखा दिसायला लागतो. हा इथलाच चुनखडीचा दगड, त्यात लोहाचा अंश असतो त्याचा तो रंग. हे सगळं गावात मुक्काम असल्याशिवाय दिसत नाही.

आता झोपण्याचं. कार पार्कमध्ये नको. इंग्लंडमध्ये जागामालकाच्या परवानगीशिवाय रात्र काढता येत नाही, बऱ्याच कार पार्कच्या बोर्डवर तसं लिहिलेलंच असतं, आणि काही ठिकाणी उंचीचा आडवा बार असतो त्यामुळे गाडी आतच जात नाही. कॅरव्हॅन अँड मोटरहोम क्लबच्या मुक्कामाच्या छोट्या जागा बघा, सीएल म्हणतात त्यांना, शेतकऱ्याच्या कुरणात फक्त पाच गाड्या, शांतता भरपूर. पण त्याला क्लबची मेंबरशिप लागते आणि बऱ्याच सीएलवर बाथरूम नसतं, म्हणजे सगळं गाडीतच. आई-बाबांसोबत मी तरी टॉयलेट ब्लॉक आणि गरम पाण्याचे शॉवर असलेली साइट घेईन. बुक करताना एकच प्रश्न नक्की विचारा, गावापर्यंत फुटपाथ आहे का? मैलभराच्या आत असेल तर गाडी दोन दिवस हलवूच नका.

रेडिंगकर:
माझं मत थोडं वेगळं आहे. आम्ही ऑगस्टच्या बँक हॉलिडेला, म्हणजे इथल्या सार्वजनिक सुट्टीला, गेलो होतो, त्या दिवशी नदीत फुटबॉल असतो, पाण्यात गोलपोस्ट लावून खरोखर मॅच खेळतात, बघायला मजा आली पण गर्दी इतकी की वडिलांना धरून धरून न्यावं लागलं, आईस्क्रीमसाठी चाळीस मिनिटं रांग. त्यामुळे वीकेंड टाळा, मंगळवार-बुधवार धरा. आणि एक सकाळ शेजारच्या लोअर स्लॉटर गावाला द्या, बोर्टनहून शेतातून पायवाट आहे, मैल-सव्वा मैल, बरीचशी सपाट. नाव ऐकून आईंना कसंतरी वाटेल पण त्याचा कत्तलीशी संबंध नाही, जुन्या इंग्लिशमध्ये चिखलाच्या जागेला तसा शब्द होता. तिथे आय नावाची बारकी नदी आणि विटांच्या धुराड्याची जुनी गिरणी आहे. पुढे मैलभरावर अप्पर स्लॉटर. त्या गावातून दोन्ही महायुद्धांत जे लढायला गेले ते सगळेच्या सगळे जिवंत परत आले, इंग्लंडमध्ये अशी गावं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. माझे वडील फौजेत होते, ते तिथे कितीतरी वेळ गप्प उभे राहिले. मला विचाराल तर आख्ख्या ट्रिपमधलं तेच लक्षात राहिलंय.

मिल्टनकीन्सची_मावशी:
गुडघ्यांसाठी बोर्टनच चांगलं गं, गावाचा मधला भाग सगळा सपाट आहे. स्टो डोंगरावर आहे, तिथे चढ-उतार फार. मी सासूबाईंना नेलं होतं, त्या सगळ्यात जास्त रमल्या मॉडेल व्हिलेजमध्ये. १९३७ पासून आहे ते, गावाची नवव्या हिश्शाची प्रतिकृती, त्याच कॉट्सवोल्ड दगडातली, झाडंसुद्धा छाटून छाटून बुटकी ठेवलीयत, आणि छोट्याशा चर्चजवळ गेलं की आतून गाणं ऐकू येतं. त्या मॉडेल गावात मॉडेल गावाचंही मॉडेल आहे, आणि त्यात आणखी एक! सासूबाई वाकून वाकून मोजत होत्या. आतल्या वाटा अरुंद आहेत, म्हणून उघडल्या उघडल्या जा.

मोटरहोमची पायरी मात्र उंच असते हो, घडीचं स्टूल न्या. ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या बेडला शिडी असते, तिथे तुम्ही दोघं झोपा, आई-बाबांना खालचा. आणि टॉयलेटची कॅसेट, म्हणजे खालची मैल्याची टाकी, साधारण वीस लिटरची असते, चौघांत दोन दिवसांत भरते, रोज सकाळी रिकामी करायची सवय ठेवा. आमची भरली ती रात्री दोन वाजता, पावसात, ह्यांना जावं लागलं.

चाकावरचं_घर:
मावशींनी पायरीचं सांगितलं ते फार महत्त्वाचं. गाडी चालवण्याबद्दल राहिलं होतं. लायसन्स १९९७ नंतरचं असेल तर साडेतीन टनांपर्यंतचीच गाडी चालते, आणि त्या वजनात माणसं, पाणी, सामान सगळं धरायचं, म्हणून पाण्याची टाकी साइटवर पोचल्यावर भरा. गाडीची उंची फूट-इंचात आणि मीटरमध्ये कागदावर लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवा, पुलाखाली जाताना आठवायची वेळ येऊ नये. शक्यतो ए४२९ या रस्त्यानेच या, तो रोमनांचा जुना रस्ता, फॉस वे, सरळसोट आहे आणि बोर्टनच्या अगदी शेजारून जातो. सॅटनॅव शॉर्टकट दाखवेल तो घेऊ नका, त्या गल्ल्यांत दोन्हीकडून झाडोरा आरशाला घासतो आणि समोरून ट्रॅक्टर आला की रिव्हर्स घ्यावा लागतो.

विजेचं पण बघा. साइटवरचा पॉइंट दहा अँपिअरचा असेल तर २,३०० वॅटच मिळतात, घरची तीन किलोवॅटची किटली लावली की फ्यूज ट्रिप होऊन वीज जाणार. चहा गॅसवरच ठेवा. पण सिलेंडर भरलाय का ते गाडी ताब्यात घेतानाच बघा, आम्हाला भाड्याच्या गाडीत एकदा जवळजवळ रिकामा मिळाला होता आणि कळलं ते पोहे निम्मे झाल्यावर.

टेम्सकाठची_लेक:
किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! ह्यांना वाचून दाखवलं, अप्पर स्लॉटरचं ऐकून ते म्हणाले दोन नाही, तीन रात्री करूया. मंगळवार ते शुक्रवार ठरलं, शॉवरवाली साइट, गावापासून पाऊण मैल, फुटपाथ आहे असं फोनवर विचारून घेतलं. रेडिंगकर, अप्पर स्लॉटरपर्यंत आईला चालवणार नाही, तेवढ्यापुरती टॅक्सी करू आणि येताना लोअरपासून जमेल तेवढं चालू. मावशी, स्टूल आजच ऑर्डर केलं.