इनामगावची पांढर: एवढी जुनी वस्ती घोड नदीच्या काठीच का?

प्रश्न
शिरूर तालुक्यातील इनामगावला नववीच्या मुलांना घेऊन जाण्याचा विचार आहे. डेक्कन कॉलेज या पुण्यातील पुरातत्त्व संशोधन संस्थेने 1968 ते 1983 या काळात तेथे उत्खनन केले, हे ठाऊक आहे. परंतु मुलांना नुसती सनावळी सांगायची नाही. पाऊस बेताचा असलेल्या या पट्ट्यात साडेतीन हजार वर्षांपूर्वी शेतकरी का वसले आणि पुढे का उठून गेले, हे जाणकारांनी कृपया समजावून सांगावे.

उत्तर 1
सर, सुरुवात काळी आणि पांढरी या आपल्याच शब्दांपासून करावी. काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांची राख, शेण व पडक्या भिंतींची माती साचून उंचावलेले गावठाण. इनामगावला घोड नदीचे पाणी आणि काळी जमीन दोन्ही लाभल्या. इ.स.पू. 1600 च्या सुमारास माळवा संस्कृतीचे लोक येथे आले, त्यांच्यानंतर जोर्वे संस्कृती नांदली. या दोन्ही तांब्याची व दगडाची हत्यारे वापरणाऱ्या ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांच्या संस्कृती. जव हे मुख्य पीक होते, जोडीला मसूर आणि वाटाणा. पुराचे पाणी वळवण्यासाठी त्यांनी पाट खोदून बांध घातला होता. पाऊस बेताचा असूनही शेती कशी टिकली, याचे उत्तर मला त्या पाटातच दिसते.

उत्तर 2
मुलांना दफनांविषयी अवश्य सांगा. लहान मुलांना घरातल्याच जमिनीखाली, तोंडाला तोंड लावलेल्या दोन कुंभांत पुरत असत, तर मोठ्या माणसांची पावले घोट्यापासून तोडलेली आढळतात. मृताने परत चालत येऊ नये म्हणून तसे करीत असावेत, असा तर्क आहे. तो तर्क म्हणूनच सांगावा. याला ठळक अपवाद म्हणजे चार पायांच्या, फुगीर पोटाच्या कच्च्या मातीच्या रांजणात बसवलेला एक पुरुष. त्याची पावले शाबूत होती. पाच खोल्यांचे घर आणि त्याला लागून असलेले धान्याचे कोठार यांच्याशी सांगड घालून तो गावचा प्रमुख असावा, असे उत्खनकांनी मानले.

उत्तर 3
उठून जाण्याविषयी लिहितो. इ.स.पू. 1000 नंतर ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या दिसू लागतात, शेती आक्रसते आणि मेंढपाळी व शिकारीवरचा भर वाढतो. हवामान कोरडे होत गेले, हे याचे कारण इनामगावच्या उत्खनकांपैकी एक, पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर यांनी मांडले आणि मला ते पटते, कारण हा बदल हळूहळू, तीनशे वर्षांत झालेला दिसतो. इ.स.पू. 700 च्या सुमारास वस्ती संपली.

एक कळकळीची विनंती. पांढरीची माती खत म्हणून शेतात टाकण्याची जुनी रीत आहे. आमच्या गावी मी स्वतः ट्रॉलीतल्या अशा मातीत काळ्या रेघांचे तांबडे खापर पाहिले आहे. ते टिचकी मारताच खणखणले. हे जोर्वे भांड्यांचे लक्षण आहे. मुलांना असे खापर दिसले, तर त्यांनी ते हातात घेऊन जरूर पाहावे आणि पुन्हा जागच्या जागी ठेवावे. पुण्यात डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात इनामगावच्या वस्तू आहेत. सहलीआधी त्या दाखवल्या, तर टेकाडावर उभे राहिल्यावर काय पाहायचे, ते मुलांना आपसूक कळेल.