शब्दचर्चा : ‘आभासी’ यंत्राला परवाना लागतो का?

सर्व्हरवरच्या सॉफ्टवेअरच्या परवान्यांच्या अटी समजावणारे टिपण लिहिताना मी व्हर्च्युअल मशीनसाठी, म्हणजे एका खऱ्या यंत्राच्या आत सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या स्वतंत्र संगणकासाठी, सवयीने ‘आभासी यंत्र’ लिहिले. ते वाचून एका सहकाऱ्याने एका सर्व्हरवर पाच मशीन उभी केली, परवाने घेतले दोनपुरतेच. विचारले तर म्हणाला, “बाकीची आभासीच ना? खरा सर्व्हर एकच आहे.” तेव्हापासून हा शब्द मला डाचतो आहे.

आभास म्हणजे दिसते, पण नसते. हेत्वाभास म्हणजे हेतूसारखा भासणारा, पण खरा हेतू नसलेला. आरशातल्या ‘आभासी प्रतिमे’ला हा शब्द चपखल बसतो, कारण ती पडद्यावर घेता येत नाही. ‘व्हर्च्युअल’चे मूळ मात्र लॅटिन ‘व्हर्टस’, म्हणजे सामर्थ्य, गुण. रूपाने तसे नसले तरी परिणामाने तेच, असा त्याचा अर्थ. जवळजवळ उलटाच! व्हर्च्युअल मशीनला वेगळा डबा नसतो, पण ते मेमरी खाते, नेटवर्कवर स्वतःचा पत्ता घेते आणि बंद पडले की काम अडते. परवान्याच्या हिशेबातही ते पुरेपूर मोजले जाते.

मायक्रोसॉफ्टच्या विंडोज सर्व्हर या प्रणालीच्या स्टँडर्ड आवृत्तीची कोअरवर (प्रोसेसरमधल्या गणन-एककांवर) आधारलेली पद्धत पाहा. आधी यंत्रातले सगळे प्रत्यक्ष कोअर मोजायचे : प्रोसेसरमागे किमान 8, सर्व्हरमागे किमान 16. दोन प्रोसेसर, प्रत्येकी 10 कोअर, म्हणजे 20 कोअरचे परवाने. त्यावर दोन व्हर्च्युअल मशीनचा हक्क मिळतो. तिसरे हवे असेल तर सगळे 20 कोअर पुन्हा मोजा, की आणखी दोनांचा हक्क मिळतो. अशा सर्व्हरवर सहकाऱ्याच्या पाच मशीनना म्हणून तीनदा मोजून 60 लागले असते. डेटासेंटर आवृत्तीत मशीनच्या संख्येवर मर्यादा नाही.

‘होस्ट’ला (खऱ्या यंत्रावरच्या प्रणालीला) यजमान आणि ‘गेस्ट’ला (तिच्यावर चालणाऱ्या व्हर्च्युअल मशीनला) पाहुणा हे शब्द मात्र मला मनापासून आवडतात, कारण नियमही तसाच आहे. यजमान प्रणाली फक्त पाहुण्यांची सरबराई करत असेल तर ती त्या दोनांत धरत नाहीत. ती स्वतः इतर कामाला लागली की पाहुण्याची एक जागा कमी होते.

प्रतिसाद : तुमचा मुद्दा पटला, पण ‘आभासी’ आता इतका रुळला आहे की उपटून काढणे कठीण. मला ‘परपेच्युअल’चे ‘शाश्वत परवाना’ जास्त खटकते. शाश्वत काय असते त्यात?

उत्तर : अगदी बरोबर, तिथे ‘कायमचा परवाना’ म्हणावे. घेतलेली आवृत्ती वापरण्याचा हक्क संपत नाही, एवढाच त्याचा अर्थ. पुढच्या आवृत्त्या आपोआप मिळत नाहीत. व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या व्हीएमवेअर सॉफ्टवेअरचे असे परवाने विकणे त्याची मालक कंपनी ब्रॉडकॉमने डिसेंबर 2023 मध्ये थांबवले आणि कोअरमागे वर्गणी आणली, तीही प्रोसेसरमागे किमान 16 कोअरची. 8 कोअरचा प्रोसेसर असला तरी मोजायचे 16. ‘वर्गणी’ ऐकून ऐच्छिक देणगी डोळ्यांसमोर येते. ‘मुदतीचा परवाना’ म्हटले की मुदत संपली, हक्क संपला, हे लगेच कळते.

डेस्कटॉपवर ‘मोफत’ हा शब्दही जपून वापरायला हवा. व्हर्च्युअलबॉक्स या साध्या संगणकावर व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा मूळ भाग मुक्त परवान्याचा आहे, कार्यालयातही चालतो. त्याच्या एक्स्टेन्शन पॅकचा (जादा सोयींच्या पुरवणीचा) मोफत परवाना मात्र वैयक्तिक वापर, शिक्षण आणि चाचणीपुरताच. दोन्ही एकाच पानावरून उतरवता येतात, त्यामुळे गफलत सहज होते. म्हणून मी ‘मुक्त’ आणि ‘विनामूल्य’ वेगळे ठेवतो, आणि विनामूल्यच्या पुढे ‘कोणाला’ हे लिहितोच.

टिपणातले ‘आभासी यंत्र’ मी खोडले. आता तिथे सरळ ‘व्हर्च्युअल मशीन’ आहे, आणि मोजणीच्या ओळीत ‘चालू प्रत’.