ग्रंथालयातून वाचकाला बाहेर काढण्याचा नियम कसा असावा?

मुक्तवाचक:
'गैरवर्तन करणाऱ्यास बाहेर काढण्याचा अधिकार ग्रंथालयाने राखून ठेवला आहे.' सार्वजनिक ग्रंथालयाच्या नियमावलीत असं वाक्य असता कामा नये, असं माझं ठाम मत आहे. गैरवर्तन म्हणजे काय, ते कोण ठरवणार, बंदी किती दिवसांची, दाद कुठे मागायची? कशाचाच पत्ता नाही. वॉशिंग्टन डीसीच्या सार्वजनिक ग्रंथालयात 'आक्षेपार्ह अवतार' असणाऱ्यांना मज्जाव होता. त्या आधारावर १९९३ मध्ये एका बेघर माणसाला आत येऊ दिलं नाही. २००१ मध्ये न्यायालयाने तो नियम संदिग्ध ठरवून रद्द केला. सकाळच्या पहारेकऱ्याला चालणारे कपडे दुपारच्याला खटकत असतील, तर त्याला नियम का म्हणायचं?

काउंटरपलीकडून:
ही एकच बाजू झाली. न्यू जर्सीतल्या मॉरिसटाउनचा खटलाही बघा. अंगाच्या दुर्गंधीचा इतरांना उपद्रव होत असेल तर बाहेर जावं लागेल, हा तिथला नियम खालच्या न्यायालयाने फेटाळला, पण १९९२ मध्ये अपिलात तो टिकला.
मी ग्रंथालयात नोकरी करते. वाचनकक्ष भरलेला असतो आणि एक जण एका मुलीकडे टक लावून बसतो. ती जागा बदलते, हाही उठून समोर जाऊन बसतो. तोंडातून अवाक्षर नाही. त्या क्षणी मी व्याख्या शोधत बसू का?

मुक्तवाचक:
शोधायला लागूच नये, म्हणून तर आधी लिहा म्हणतोय! त्याच मॉरिसटाउनच्या नियमांत त्रास देण्याच्या हेतूने टक लावणं आणि मागे मागे फिरणं नाव घेऊन लिहिलं होतं. त्याच निकालाने माहिती मिळवण्याचा वाचकाचा घटनात्मक हक्कही मान्य केला.

साक्षेपी:
अमेरिकेतल्याच कोलंबस शहराच्या ग्रंथालयाचं उदाहरण मला जास्त उपयोगी वाटतं. अनवाणी येणाऱ्या एका वाचकाने तिथल्या पादत्राणांच्या सक्तीविरुद्ध खटला भरला आणि २००३ मध्ये तो अपिलातही हरला. ग्रंथालयाकडे घटनांच्या नोंदी होत्या: जमिनीवर फुटलेली काच, रक्त, विष्ठा. धोका कागदावर होता, म्हणून नियम टिकला.
पण कायद्यात बसलं म्हणजे न्याय्य झालं, असं मी मानत नाही. दुर्गंधीचा नियम लिहिलाय सगळ्यांसाठी, लागू होतो तो ज्याला अंघोळीची सोय नाही त्यालाच. सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्रंथालयाने २००९ मध्ये समाजसेविकाच नेमली. बाहेर काढायच्या आधी 'अंघोळ कुठे करता येईल' हे सांगणारं कुणीतरी हवंच.

काउंटरपलीकडून:
ते पद मंजूर होईपर्यंत काय? संध्याकाळी मी एकटीच ड्यूटीवर असते. त्या दिवसापुरतं बाहेर काढायला लेखी आदेश मागू नका. त्याहून लांब बंदी असेल तर जरूर लेखी द्या, कारण आणि मुदत घालून.

मुक्तवाचक:
एका दिवसाचं मान्य. मात्र नोंदवहीत वेळ आणि नेमकं वर्तन लिहा, आणि वाचकाने मागितली तर नोंदीची प्रत द्या. अपील ज्याने बंदी घातली त्याच्याकडे नको, समितीकडे हवं. आणि निकाल लागेपर्यंत बंदी स्थगित. मारहाण आणि धमकी तेवढी अपवाद.

काउंटरपलीकडून:
स्थगिती मला अजिबात मान्य नाही. टक लावून बसणारा तुमच्या अपवादांत कुठे आहे? समितीची बैठक दोन महिन्यांनी होणार असेल, तर तोवर तो रोज येईल आणि ती मुलगी यायची बंद होईल. तिने अपील कुणाकडे करायचं?