मदत हवी आहे : दाझाईंच्या कादंबरीचा कोणता मांगा द्यावा?

नमस्कार. जपानी लेखक ओसामु दाझाई यांची १९४८ सालची ‘निन्गेन शिक्काकु’ ही माझी अत्यंत आवडती कादंबरी असल्याने भयकथांचे चित्रकार जुंजी इतो यांचा त्यावरील मांगा (जपानी चित्रकथा) मी मोठ्या अपेक्षेने वाचायला घेतला आणि पुरता हिरमुसलो. कादंबरीत व्यायामाच्या तासाला नायक योझो मुद्दाम पडतो, सगळा वर्ग हसतो, आणि वर्गमित्र ताकेइची मागून येऊन, पाठीला बोट टोचून, हे ठरवून केलेले आहे एवढेच पुटपुटतो. तेवढ्यानेच योझोच्या पायाखालची जमीन सरकते. मांगात मात्र हाच ताकेइची पुढे गळफास घेतो आणि भूत होऊन योझोचा पिच्छा पुरवतो, जे मुळात कुठेही नाही. चित्रे अप्रतिम आहेत (त्याबद्दल वादच नाही), पण मनातली भीती अशी डोळे वटारून समोर उभी केली की वाचकाला करायला काही उरत नाही.

अडचण अशी की चित्रकला शिकणाऱ्या माझ्या भाचीला आधी मांगाच हवा आहे. उसामारु फुरुया यांनी आपल्या मांगात ही कथा आजच्या जपानमध्ये आणली आहे. त्यात योझोचा तो दबका संकोच टिकला आहे का? दोन्ही वाचलेल्यांनी कृपया सांगावे, की सरळ कादंबरीच तिच्या हातात ठेवू?