पोस्टग्रेस रीस्टार्ट करताना अधूनमधून ‘शेअर्ड मेमरी ब्लॉक वापरात आहे’

प्रश्न: डेटाबेस पोस्टग्रेस ११, लिनक्स, सिस्टमडीची (लिनक्सवर सर्व्हर चालू-बंद करणारा प्रोग्रॅम) युनिट फाइल, म्हणजे त्याच्यासाठीच्या सूचना, हाताने लिहिलेली. रीस्टार्ट दिला की बहुतेक वेळा सर्व्हर उठतो. कधीतरी मात्र ‘की ५४३२००१, आयडी ३२७६८ चा जुना ब्लॉक अजून वापरात आहे’ असं फेटल (सर्व्हर उठूच न देणारी चूक) लॉगमध्ये पडतं. पाच-दहा मिनिटांनी परत स्टार्ट दिलं की आपोआप चालू. ‘आयपीसीएस -एम’च्या (शेअर्ड मेमरीचे, म्हणजे अनेक प्रोसेस मिळून वापरतात त्या मेमरीचे ब्लॉक दाखवणारी कमांड) यादीत ही की सापडतच नाही. पोस्टमास्टर.पीआयडी (चालू सर्व्हरची नोंद असलेली फाइल) उडवली तर चालेल?

उत्तर १: अजिबात उडवू नका. त्या फाइलच्या ७व्या ओळीत हीच की आणि आयडी असते, त्यावरूनच नवा सर्व्हर जुनी प्रोसेस जिवंत आहे का ते तपासतो. ही तपासणी चुकवून दोन पिढ्यांच्या प्रोसेस एकाच डेटा डिरेक्टरीत लिहायला लागल्या तर डेटा गेलाच.

की दिसत नाही कारण लॉग दशमानात लिहितो आणि आयपीसीएस हेक्समध्ये (१६च्या पायात). ०एक्स००५२ई२सी१ शोधा, किंवा सरळ आयडी जुळवा. मग त्या ओळीतला एनॅच (ब्लॉकला किती प्रोसेस चिकटल्या आहेत तो आकडा) बघा. शून्य असेल तर पोस्टग्रेस तो ब्लॉक स्वतःच साफ करतो, आयपीसीआरएमची (ब्लॉक हाताने काढणारी कमांड) गरज नाही. तुमच्याकडे फेटल येतंय म्हणजे एक तरी बॅकएंड (एकेका क्लायंटचं काम करणारी प्रोसेस) चिकटलेला असणार. ‘पीएस’मध्ये (चालू प्रोसेसची यादी) ‘पोस्टग्रेस:’ने सुरू होणारी, शेवटी ‘सिलेक्ट’ वगैरे दाखवणारी प्रोसेस शोधा आणि तिला किल -टर्म (बंद होण्याचा सिग्नल) द्या.

उत्तर २: हा झाला तात्पुरता उपाय. बॅकएंड मागे का राहतो, ते युनिट फाइलमध्ये बघा. स्टॉपला बरोबर दीड मिनिट लागतं का? किलसिग्नल (थांबवताना कोणता सिग्नल पाठवायचा ते) दिलेला नसेल तर सिगटर्म जातो, आणि पोस्टग्रेसच्या लेखी त्याचा अर्थ ‘स्मार्ट’ शटडाउन: सगळे क्लायंट जाईपर्यंत थांबा. कनेक्शन पूल (कनेक्शन उघडीच धरून ठेवणारा क्लायंट) कशाला जातोय! ९० सेकंदांनी सिस्टमडी सिगकिल (सक्तीने मारणारा सिग्नल) देतो. किलमोड=प्रोसेस (सिग्नल फक्त मुख्य प्रोसेसला) असेल तर मरतो फक्त पोस्टमास्टर, म्हणजे पोस्टग्रेसची मुख्य प्रोसेस. रिकामे बसलेले बॅकएंड ते ओळखून स्वतः बाहेर पडतात, पण मोठ्या क्वेरीत अडकलेला ती संपेपर्यंत ब्लॉक धरून बसतो. म्हणून ‘कधीतरी’, आणि म्हणूनच पाच-दहा मिनिटांनी ठीक.

प्रश्नकर्ता: किलमोड=प्रोसेसच आहे, किलसिग्नल नाही. जर्नलमध्ये (सिस्टमडीचा लॉग) स्टार्टच्या वेळी ‘लेफ्ट-ओव्हर प्रोसेस’ची (मागे उरलेली प्रोसेस) ओळही सापडली.

उत्तर २: मग ठरलं. किलमोड=मिक्स्ड (पहिला सिग्नल पोस्टमास्टरला, सिगकिल सगळ्यांना), किलसिग्नल=सिगइंट (क्लायंटची वाट न बघता बंद), टाइमआउटसेक=इन्फिनिटी (वेळमर्यादा नाही) असं करा आणि डेमन-रीलोड द्या, म्हणजे सिस्टमडी फाइल परत वाचेल. शेअर्ड बफर्स (डेटासाठी राखलेली मेमरी) मोठे असतील तर शटडाउनच्या चेकपॉइंटलाच (त्यातला डेटा डिस्कवर लिहायला) ९० सेकंदांहून जास्त लागू शकतात, म्हणून इन्फिनिटी. आणि जे रीस्टार्ट ‘नीट’ झाले त्यांचेही लॉग चाळा. ‘ऑटोमॅटिक रिकव्हरी इन प्रोग्रेस’ (सर्व्हर नीट बंद न झाल्याची खूण) दिसलं तर तेही सिगकिलनंतरचेच होते.