संभाजीनगरचं विमान टी-टूलाच उतरायला हवं

सहारकर: मुंबईत टर्मिनल वाटून दिलं जातं ते विमान कंपनीला. प्रवासी पुढे कुठे निघालाय, हे कोणी बघत नाही. २०१४ मध्ये सहारचं टी-टू, म्हणजे टर्मिनल २, आधी आंतरराष्ट्रीय विमानांसाठी सुरू झालं, मग एअर इंडिया आणि जेटची देशांतर्गत विमानंही तिकडे गेली. सांताक्रूझच्या टी-वनवरून परदेशी विमान सुटतच नाही. इंडिगोची देशांतर्गत उड्डाणं मात्र दोन्हीकडे विभागलेली. दिल्ली-बंगळुरूच्या माणसाला परदेशी जायला घरचा विमानतळ आहे. मुलीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला निघालेल्या संभाजीनगर-नांदेडच्या आईला तो नाही. तिने टी-वनला उतरून, दोन बॅगा ओढत, सहारच्या ट्रॅफिकमधून चार-पाच किलोमीटर का जावं? दिल्लीची विमानं टी-वनला न्या, छोट्या शहरांची टी-टूला आणा.

पार्लेकर: साफ असहमत. त्या विमानातले सगळेच अमेरिकेला निघालेले नसतात. कोणी मंत्रालयात कामाला, कोणी टाटा हॉस्पिटलला आलेलं असतं. त्यांना हायवेलगतचं टी-वनच बरं. शिवाय आता मेट्रो ३ ची दोन्ही टर्मिनलांवर स्थानकं आहेत, मधे फक्त सहार रोड.

सहारकर: पासष्टीच्या बाईने तेवीस-तेवीस किलोच्या बॅगा घेऊन मेट्रोत चढायचं? आणि पहाटे तीनच्या विमानाला?

लंडनवासी: सहारकरांशी सहमत. हीथ्रोला टी-५ हे मुख्यतः ब्रिटिश एअरवेजचं आणि टी-२ स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटाचं. ज्यांचे प्रवासी एकमेकांच्या विमानात बदलतात, त्या एका छताखाली.

रॅम्पवाला: ग्राउंड हँडलिंगमध्ये बारा वर्षं काढली, म्हणून सांगतो. संभाजीनगरहून आलेलं विमान तिथेच थांबत नाही, अर्ध्या-पाऊण तासात ते दिल्लीला उडतं. म्हणजे दिल्लीचे प्रवासीही टी-टूलाच बोलवावे लागणार. शहरांनुसार टर्मिनल वाटलंत तर रोटेशन, म्हणजे एका विमानाच्या दिवसभराच्या फेऱ्यांचा क्रम, बांधलं जातं, आणि एक विमान लेट झालं की त्याच्या जागी दुसरं लावता येत नाही. मुंबईचे दोन रनवे एकमेकांना छेदतात, एका वेळी एकच चालतो. तिथे ही लवचीकता सोडणं परवडणारं नाही.

सहारकर: रोटेशनचा मुद्दा मान्य, तो माझ्या लक्षात आला नव्हता. मग सगळी विमानं हलवायचं राहू द्या. आंतरराष्ट्रीय उड्डाणांची गर्दी रात्रीची असते, तेव्हा निदान संध्याकाळी येणारी छोट्या शहरांची विमानं टी-टूला घ्या. तेवढी बांधता येतील ना?

रॅम्पवाला: संध्याकाळीच स्टँड, म्हणजे विमान उभं करायच्या जागा, सगळ्यात कमी मोकळे असतात. पण दोन-तीन विमानांचं जमू शकेल.